आज्जीला उठवून हप्ता भागत नाही

पत्र :

माझं बेळगावात उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. गेल्या दिवाळीनंतर कर्ज काढून शहापुरात एक जुनं कौलारू घर घेतलं, भाड्यावर चालवायचं म्हणून. घेतलं तेव्हाच आत तीन बिऱ्हाडं होती. मागच्या दोन खोल्यांत एक विधवा आज्जी तीस वर्षांहून जास्त राहतात, भाडं ९०० रुपये. बाजारभावानं त्या खोल्यांना ३,५०० सहज मिळतील. माडीवर विणकर कुटुंब, भाडं ४,०००, दोन महिने थकलेत. बाजूच्या खोल्यांत दोघी नर्स, गोकाककडच्या, कन्नड बोलणाऱ्या. ५,५०० रुपये वेळेवर देतात. पुढचा सोपा (ओसरी) आणि लागून असलेली खोली रिकामी आहे. माझा हप्ता २१,०००.

खरेदी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कंत्राटदाराला घेऊन गेलो आणि मोजमापं घेतली. तेव्हापासून आज्जी दार लावून घेतात. शेजारणीला म्हणाल्या, ‘मला उठवायला आलाय.’ कोल्हापूरचे मेहुणे म्हणतात नळ बंद कर, आपोआप जातील. आणि म्हातारीला सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना दोन हजार येतात, मग भाडं द्यायला काय झालं? बायको म्हणते तळतळाट घेऊ नका. नर्स रात्री उशिरा येतात म्हणून गल्लीतली मंडळी माझ्याकडं तक्रार करतात. त्यात जुन्या मालकांचे थोरले भाऊ दर अमावास्येला परड्यातल्या औदुंबराजवळ दिवा लावायला येतात, त्यांना काय म्हणायचं कळत नाही. धंदा करायला निघालो आणि लोकांच्या घरात घुसल्यासारखं वाटतंय. रात्री झोप नाही. भावना सांभाळायच्या की हिशेब? आणि रिकाम्या खोलीची पाटी लावू का?

एक वाचक, अनगोळ

उत्तर :

नमस्कार.

तुमच्या पत्रात आज्जींना बऱ्याच ओळी आल्यात आणि हप्त्याला एकच. मी आधी हप्ता कागदावर मांडला. आज येतात ते ९००, ४,००० आणि ५,५००, मिळून १०,४०० रुपये, तेही विणकरानं दिले तर. हप्ता २१,०००. म्हणजे दरमहा १०,६०० रुपये मशीन शॉपच्या गल्ल्यातून जातात. आता समजा पुढचा सोपा आणि खोली ६,००० ला गेली. समजा आज्जी उद्याच निघून गेल्या आणि त्यांच्या खोल्यांना ३,५०० मिळाले. तरी बेरीज १९,००० वर थांबते. दोन हजार कमीच. यात घरपट्टी धरलेली नाही, पावसाआधीची कौलांची शाकारणी नाही, भाडेकरू बदलताना वाया जाणारा एखादा महिना नाही.

ज्या बाईंपायी तुमची झोप उडालीय, त्यांच्या खोल्यांचा आणि तुमच्या तुटीचा संबंध महिना २,६०० रुपयांपुरता आहे. उरलेला खड्डा खरेदीच्या वेळीच पडलाय. भाड्यातून हप्ता निघेल असं कुणीतरी सांगितलं असेल किंवा तुम्हीच मनाशी धरलं असेल. तो खड्डा बुजवायचा तर बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी होतो का ते विचारा (एकूण व्याज वाढेल, ते समजून घ्या) आणि पुढचा भाग लवकर भाड्यानं द्या. हे दोन झाल्याशिवाय आज्जींच्या दाराशी जाऊ नका. पैशाची घाई पोटात ठेवून गेलेल्या माणसाचं बोलणं गोड असलं तरी समोरच्याला ती घाईच ऐकू येते.

मी बरीच वर्षं सब-रजिस्ट्रार ऑफिसबाहेर बाँड रायटर म्हणून, म्हणजे दस्त लिहून द्यायला, बसायचो. खरेदीच्या दिवशी घेणारा असतो, देणारा असतो, साक्षीदार असतात, हक्कसोड करून देणारी एखादी बहीण कोपऱ्यात डोळे पुसत असते, पेढ्यांचा बॉक्सही असतो. आत राहणारी माणसं तेवढी तिथं नसतात. मालक बदलला हे त्यांना दूधवाल्याकडून किंवा पापड वाळत घालणाऱ्या शेजारणीकडून कळतं. आणि त्यानंतर पहिल्यांदा दिसतो तो टेप धरलेला कंत्राटदार. तुमच्या आज्जींनी भिंतीवर टेप लागताना पाहिली, तुमचा चेहरा नंतर पाहिला. त्यांनी काढलेला अर्थ चुकीचा असेल, पण तुम्ही दुसरा अर्थ त्यांच्या हाती दिलाच नव्हता.

भाडं वाढलं म्हणून माणसं दुखावतात, कुरकुरतात, आणि बहुतेक जण देतात. घाव बसतो तो पुढं काय होणार हे कुणी सांगत नाही तेव्हा, आणि आपल्याबद्दलचं आपल्या पाठीमागं ठरतंय हे कळतं तेव्हा. त्यामुळं ‘भावना की हिशेब’ असा तुमचा जो पेच आहे, तो मला तितकासा खरा वाटत नाही. हिशेब उघड्यावर आणि वेळेवर सांगितला की निम्म्या भावना तिथंच सांभाळल्या जातात. गुळमुळीत बोलणं हा मात्र सगळ्यात निर्दय प्रकार. वडगावात एक घरमालक होते, स्वभावानं देवमाणूस. भाडेकरूनं विचारलं की म्हणायचे, ‘बघू या की, घाई काय हाय?’ मुलाचं लग्न ठरलं तेव्हा खोली लागणार हे त्यांना दोन वर्षं आधी ठाऊक होतं. बोलायला जीभ उचलली नाही. त्या भरवशावर भाडेकरूनं स्वतःच्या पैशानं न्हाणीला फरशी बसवली, पोरीला जवळच्या शाळेत घातली. आणि मग एका जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडा झाला असताना, ‘महिन्यात सोडा.’ ती दोन घरं आज एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत. त्या मालकाला लोक अजूनही मऊ मनाचा म्हणतात. मला नाही पटत.

आता आज्जींकडं जायचं कसं ते बारकाईनं सांगतो, कारण तुमची अर्धी लढाई तिथं आहे.

कंत्राटदार, एजंट, मेहुणे यांपैकी कुणी बरोबर नको. बायकोला घेऊन जा. त्यांना तळतळाटाची भीती वाटते म्हणजे त्यांचं लक्ष माणसाकडं आहे. दुपारची जेवणं उरकल्यावर जा. सणाच्या तोंडावर नको, पाणी सुटायच्या दिवशी नको. त्या दिवशी घरातल्या बाईचं चित्त घागरींत असतं. दारात उभं राहून बोलू नका. बसा म्हणतील तिथं बसा, चहा केला तर घ्या, साखर चालत नसली तरी दोन घोट घ्या. भिंतीकडं, छताकडं, न्हाणीकडं बघत बसू नका. तुमचं घर आहे हे त्यांना माहीत आहे, ते डोळ्यांनी सांगायची गरज नाही.

पहिलं वाक्य माफीचं असू दे आणि ते छोटं असू दे: ‘आज्जी, मी न सांगता माणसं घेऊन आलो, चुकलं.’ पुढं स्पष्टीकरण जोडू नका. मग लगेच ज्याची त्यांना खरी धास्ती आहे त्यावर या. तुम्हाला वाटत असेल धास्ती भाड्याची. मालक बदलला की जुन्या भाडेकरूच्या पोटात पहिला गोळा येतो तो अडव्हान्सचा, म्हणजे अनामत रकमेचा. तीस वर्षांमागं नवऱ्यानं जुन्या मालकाच्या हातावर ठेवलेले पैसे, त्याची पावती कुठल्या ट्रंकेत आहे की नाही देव जाणे, आणि आता मालकच गेला. ते पैसे बुडाले का? हे विचारायची त्यांना लाज वाटेल, म्हणून तुम्हीच काढा. ‘अडव्हान्स किती दिलाय आज्जी? तो आता माझ्याकडं आहे असं धरा.’ या एका वाक्यानं दार उघडेल असं मला वाटतं.

अर्थात हे वाक्य बोलण्याआधी तुम्हाला खरेदीपत्र उघडावं लागेल. जुन्या मालकांनी अडव्हान्सच्या रकमा किमतीतून वळत्या केल्या होत्या का? भाडेकरूंची यादी, भाडं, अडव्हान्स असं काही लिहून दिलंय का? ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी कायद्याचं (१८८२) कलम १०९ असं आहे की घर विकलं गेलं की भाड्यानं देणाऱ्याचे हक्क विकत घेणाऱ्याकडं येतात, आणि भाडेकरूनं म्हटलं तर जुन्या मालकाच्या जबाबदाऱ्याही. घर घेताना हे कुणी सांगत नाही. यादी नसेल तर जुन्या मालकांकडून आत्ता घ्या, तुमचे-त्यांचे संबंध अजून गोड आहेत तोवर. मग तिन्ही बिऱ्हाडांकडून दोन ओळींचं लिहून घ्या, त्यांनाही तुमच्या सहीचं द्या.

त्याच भेटीत भाडं वाढवायचं काढू नका. ते दुसऱ्या भेटीत, महिनाभरानं, आणि आधी कौलं बघून घेतल्यावर. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको; तीस वर्षांच्या जुन्या घरात कुठं तपेली ठेवावी लागते हे आज्जींना पाठ असणार. ती जागा दुरुस्त करा आणि मग म्हणा, ‘९०० आता परवडत नाहीत, पुढच्या महिन्यापासून १,५०० करूया, आणि दोन वर्षं मी पुन्हा भाड्याचं बोलणार नाही, घर सोडा असंही म्हणणार नाही.’ आकडा तुमचा तुम्ही ठरवा, पण तो ठरवून जा, घासाघीस करायला जाऊ नका. बाजारभावाला जे कमी पडतात ते तुमच्या वहीत स्वतंत्र ओळीवर लिहा. १,५०० घेतलेत तर महिना २,००० रुपये, वर्षाला २४,०००. हे तुम्ही आज्जींसाठी सोडता. वहीत लिहिलं की दोन फायदे होतात. आपण किती दया करतोय ते आपल्याला नेमकं कळतं, आणि ज्या वर्षी ती परवडणार नाही ते आधी दिसतं. वहीबाहेरची दया हळूहळू चिडचिडीत बदलते. मग माणूस वर्षानुवर्षं उपकार मोजत बसतो आणि एक दिवस फाटकन बोलून जातो.

‘तुम्ही आमच्या आईसारख्या, आयुष्यभर राहा’ असलं काही तोंडून जाऊ देऊ नका. त्या क्षणी तुम्हाला ते खरंच वाटेल. त्या मात्र त्यावर उरलेलं आयुष्य मांडतील. दोन वर्षं म्हणा आणि पाळा. आणि त्यांचा मुलगा बाहेरगावी असेल तर त्याला फोन जरूर करा, पण आज्जींशी बोलल्यावर. आधी मुलाला गाठलंत तर त्या घरात त्यांची किंमत किती, ते तुम्ही त्यांना दाखवून दिलंत असं होईल.

गृहलक्ष्मीच्या दोन हजारांचं. मेहुण्यांना सांगा, दुसऱ्याच्या पदरात सरकारनं टाकलेले पैसे आपण मोजायचे नसतात. २०२३ पासून ते घरातल्या कर्त्या बाईच्या नावावर येतात आणि त्यातून गोळ्या-औषधं येतात, नातवाला खाऊ येतो, भिशी भरली जाते. भाडं कशातून द्यायचं हा आज्जींचा प्रश्न, किती घ्यायचं हा तुमचा. भाडेकरूच्या मिळकतीकडं बोट दाखवून भाडं मागणाऱ्या मालकाची गल्लीत पत राहत नाही.

मेहुण्यांचंच पुढं चालू. ते कोल्हापुरातले, आणि त्यांच्याकडं ‘लीव्ह अँड लायसन्स’ची नोंदणी, त्यांचे नियम, त्यांची मुदत, सगळं महाराष्ट्राच्या कायद्याचं. आपल्या भागात ही गफलत फार. टीव्ही मराठी, यूट्यूब मराठी, व्हॉट्सअॅपवरचा वकीलही पुण्याचा. घर मात्र कर्नाटकात. महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आणि कर्नाटकाचा भाडे कायदाही नावानं १९९९ चाच (अमलात आला ३१ डिसेंबर २००१ पासून), त्यामुळं माणसं एकाचं कलम दुसऱ्याला लावतात. आज्जींसारख्या कमी भाड्याच्या जुन्या बिऱ्हाडाला कर्नाटकाचा हा कायदा लागू होतो का, हे भाड्याची रक्कम आणि जागा यावर ठरतं. लागू होत असेल तर केवळ मालकाच्या मनात आलं म्हणून घर रिकामं होत नाही. कायद्यात दिलेलं कारण लागतं आणि ते कोर्टात सिद्ध करावं लागतं. नसेल लागू, तर महिन्याच्या भाडेकरूला ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी कायद्याच्या कलम १०६ प्रमाणं १५ दिवसांची नोटीस हा कायद्याचा किमान भाग. बेळगावच्या कोर्टात काम करणाऱ्या, दिवाणी बघणाऱ्या वकिलाला एकदा फी देऊन विचारा. भाडं वाढवण्याचा कागद करण्याआधी विचारा, नंतर नाही.

नळ बंद करण्याचं तर डोक्यातून काढून टाका. पाणी, वीज तोडून माणसाला बाहेर काढणं बेकायदा आहे. दुसऱ्याच दिवशी कोर्टाचा मनाई हुकूम येऊ शकतो. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याचं कलम ६ सांगतं की कायद्याचा मार्ग सोडून ज्याला ताब्यातून काढलं, तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो. मालकी कुणाची हा प्रश्न तिथं आडवा येत नाही. हे झालं कायद्याचं. तुमच्या घराला नळ बहुधा एकच असेल. राकसकोप धरणाचं पाणी तुम्ही आज्जींसाठी बंद करायला जाल आणि वेळेवर ५,५०० देणाऱ्या दोघी नर्स आधी जातील.

विणकराचं मला सोपं वाटतं. दोन महिने थकलेत म्हणजे ८,०००. आधी एवढंच शोधा की त्याला देता येत नाही की द्यायचं नाही. दिसलात की तो कट्ट्यावरून उठून आत जातो की समोर येऊन कारण सांगतो? समोर येणारा बहुतेक वेळा अडचणीतला असतो. या मंडळींना मजुरी साडीमागं मिळते आणि बटवडा आठवड्याचा. तुम्ही एक तारखेला ४,००० एकरकमी मागता, आणि एक तारखेला त्याच्या हातात एका आठवड्याचेच पैसे असतात. त्याला म्हणा, बटवड्याच्या संध्याकाळी १,००० दे. वर्षात आठवडे ५२, म्हणजे ४८,००० च्या जागी ५२,००० येतात. वरचे ४,००० थकबाकीत वळते करा, दोन वर्षांत फिटेल. हे गणित त्याला पाटीवर मांडून दाखवा. लपवलंत आणि सहा महिन्यांनी त्यानंच बेरीज केली तर ‘मालकानं आठवड्याच्या नावाखाली जास्त उकळलं’ असं होईल, आणि ते तो बरोबरच बोलेल. पैसे घ्यायला स्वतः जा, पावती द्या, आणि बायकापोरांसमोर थकबाकीचा शब्द काढू नका. पुरुषाला त्याच्या पोरांसमोर पैसे मागितले की ते पैसे येतात, पण माणूस जातो.

मीटरबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. तीन बिऱ्हाडांत एकच मीटर असेल तर आजच हेस्कॉमकडं (वीज कंपनीकडं) वेगळ्या मीटरचं बघा. गृहज्योती या सरकारी मोफत वीज योजनेत जुन्या वापराच्या सरासरीवर थोडे जादा धरून तेवढे युनिट फुकट, आणि महिन्याला २०० युनिटच्या पुढं गेलं की पूर्ण बिल. तीन घरं एका मीटरवर असली की २०० कधी ओलांडतात ते कळतही नाही, आणि मग ‘तुमचा फ्रीज, आमचा मिक्सर’ सुरू होतं. मीटर मालकाच्या नावावर असला तरी भाडेकरार दाखवून भाडेकरूला त्याच्या आधारवर लाभ घेता येतो. बिऱ्हाड सोडून जाताना मात्र त्या आर.आर. नंबरवरून (वीज जोडणीचा नंबर) आधार काढून घ्यायला सांगा, नाहीतर पुढचा भाडेकरू अडकतो. भाडेकरूंमधली निम्मी भांडणं स्वभावाची वाटतात आणि असतात वायरिंगची.

नर्सच्या बाबतीत मी जरा कडक बोलणार आहे. त्या रात्री उशिरा येतात कारण त्यांची ड्यूटी रात्री सुटते. गल्लीतले काका तक्रार घेऊन आले की तुम्ही मान डोलावून ‘बोलतो मी त्यांच्याशी’ म्हणता, असा माझा अंदाज आहे. तिथंच चुकतं. एक वाक्य ठरवून ठेवा: ‘काका, दवाखान्यात रात्रपाळी असते, तुमच्या-माझ्या घरचं कुणी अॅडमिट असलं तर त्याच जागतात.’ एवढं म्हणून विषय बदला. दोघींना मुख्य दाराची एक-एक किल्ली द्या आणि बोळात एक बल्ब लावा. त्यांचे आईवडील गोकाकहून आले तर चहाला बोलवा, पण पालक बनायला जाऊ नका. कुठं गेल्या, कोण आलं, हे विचारायचा हक्क भाड्याबरोबर येत नाही.

आणि भाषेचं. त्यांच्याशी तुम्हाला येतं तेवढं कन्नड बोला, मोडकंतोडकं चालेल. तुमच्या घरच्यांना येत नसेल तर त्या दोघी शिकवतील. एक नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव आणि इथल्या मराठी मंडळींचा काळा दिवस, त्याच्या आसपास गल्लीत वातावरण तापतं, तेव्हा बाहेरून आलेली पोरं बुजतात. त्या आठवड्यात ‘काही लागलं तर फोन करा’ एवढं म्हणून ठेवा. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो आपल्या जिन्यावर सोडवायला नको. उलट बाजूही बघा. भाडेकरार बहुधा ई-स्टॅम्पच्या कागदावर कन्नडमध्ये होईल. आज्जींना कन्नड वाचता येत नसेल तर अंगठा किंवा सही घेण्याआधी त्यांच्या विश्वासातल्या माणसाकडून तो मोठ्यानं मराठीत वाचून घ्या, आणि त्याच अटी मराठीत एका पानावर लिहून दोघांनी सही करून त्यांच्याकडं ठेवा. माझ्याकडं कागद करायला आलेली कितीतरी म्हातारी माणसं सही करताना कागदाकडं न बघता पोराच्या तोंडाकडं बघायची. त्या नजरेची भीती घालवायला पाच मिनिटं पुरतात.

राहिला अमावास्येचा दिवा. ते थोरले भाऊ काही मागायला येत नाहीत. वाटणीत, विक्रीत त्यांचं किती ऐकलं गेलं ते आपल्याला माहीत नाही. घर गेलं तरी झाडाशी त्यांचा काही शब्द असेल. येऊ द्या. बायकोनं परड्यात तेवढी जागा झाडून ठेवली तर आणखी बरं. फक्त हे तुमच्या परवानगीनं चाललंय, वहिवाटीच्या हक्कानं नाही, एवढं कागदावर असावं, कारण कायदा या दोन्हींत फरक करतो आणि पुढची पिढी तुमच्या-त्यांच्याइतकी समंजस असेलच असं नाही. जुन्या मालकांकडून अडव्हान्सची यादी घ्यायला जाल तेव्हाच हेही दोन ओळीत लिहून घ्या. भावांकडून सही मागायला जाऊ नका, त्यांना ते फार लागेल. आणि परड्यात काही बांधायचं मनात असेल, औदुंबर काढायचा असेल, तर ते त्यांना तुम्ही आधी सांगा. एका अमावास्येला ते तेलाची बाटली घेऊन आले आणि समोर पाया खणलेला दिसला, असं होऊ देऊ नका.

घर दुरुस्त करण्यासाठी पुढंमागं कुणाला खरंच सोडायला सांगावं लागलं, तर कायद्याचे १५ दिवस विसरा आणि सहा महिने द्या. मुदत मे महिन्यात संपेल अशी मागं मोजा: परीक्षा झालेल्या, पाऊस लागायचा, शाळा भरायची. सोडताना अडव्हान्स त्याच दिवशी हातात ठेवा. चुन्याचे पैसे, खिळ्याचे पैसे कापत बसू नका. नव्या जागेचा शोध तुम्हीही घ्या. तुमच्या ओळखीनं त्यांना खोली मिळाली तर तुमचंही काम लवकर होतं.

पाटी लावा. मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा. ‘फक्त शाकाहारी’, ‘फक्त आमच्यातले’ असलं काही नको. शहापुरासारख्या ठिकाणी सोपा दहा दिवसांत जाईल तो दोन महिने रिकामा राहील, आणि पाटी वाचून न थांबता पुढं जाणाऱ्या माणसाला काय वाटलं ते तुम्हाला कधी कळणारही नाही. भाडं किती, अडव्हान्स किती, पाणी कसं येतं, एवढं फोनवर पहिल्याच मिनिटात सांगा. आणि पाटीवर नंबर तुमचा घाला, मेहुण्यांचा नको.